पाच ठिपके

माझ्या तोंडाला कुलूप नाही हे गावात सगळ्यांना माहीत आहे. आई म्हणायची, युट्टेची जीभ आधी जन्मली, मग युट्टे. तर मी सांगते ते ऐका, आणि मध्ये कीव करू नका. कीव केलेली मला खपत नाही.

पोस्टातून निवृत्त झाल्यावर मी कटिंग मशीन घेतलं. पावाच्या डब्याएवढं यंत्र. चिकट मॅटवर कागद लावायचा, मॅट आत सरकवायची, बटण दाबायचं. आतलं पातं सुईसारखं नाचतं आणि दोन मिनिटांत राजहंस, तारे, हृदयं, खिडकीला लावायची झालर, दिव्याभोवतीची जाळी, जे म्हणाल ते कापून देतं. मी सभागृहात दर गुरुवारी वर्ग सुरू केला. सोप्या वस्तू, घर सजवायच्या. पहिल्या हिवाळ्यात चार बायका आल्या, दुसऱ्या हिवाळ्यात एकोणीस. खुर्च्या कमी पडायच्या.

वर्गात माझा एकच नियम होता आणि तो मी ओरडून सांगायचे. कागद मॅटवरून ओढायचा नाही. मॅट उलटी करायची, एका हाताने कागद टेबलावर दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने मॅट वाकवत सोलून काढायची. कागद ओढला की त्याची सुरळी होते आणि नाजूक जागी टरकन फाटतो. "देवाने दोन हात दिलेत," मी म्हणायचे, "दोन्ही वापरा, बायांनो!"

आता बोडिलचं सांगते. बोडिल माझी मोठी बहीण. चार गल्ल्या पलीकडे राहते. तिच्याकडे आईची भरतकामाची कात्री होती, करंगळीएवढी, आणि त्या कात्रीने ती कागदातून जे काढायची ते बघायला शेजारच्या गावातून माणसं यायची. पेन्सिलीने आखणं नाही, काही नाही. कागद घडी घालायचा आणि बोलता बोलता कापायचा. मला कधी जमलं नाही. मी कापलेला हंस बदक दिसायचा आणि बदक बटाटा. बोडिल हसायची नाही, पण माझं पान हळूच बाजूला सारायची. हसली असती तर बरं झालं असतं.

ईस्टरच्या आधी आमच्याकडे हुलकावणीची पत्रं पाठवतात. कागदाची नक्षी कापायची, मध्ये चार ओळींचं कवन लिहायचं, बर्फातून येणारं पहिलं पांढरं फूल आत ठेवायचं आणि नाव लिहायचं नाही. नावात जितकी अक्षरं तितके ठिपके द्यायचे. ज्याला पत्र आलं त्याने ओळखायचं कुणाचं ते. ओळखलं तर पाठवणाऱ्याने चॉकलेटचं अंडं द्यायचं, नाही ओळखलं तर पत्र मिळालेल्याने द्यायचं. ईस्टरपर्यंत कुणी कबूल होत नाही. विचारलं की प्रत्येक जण "मी नाही" म्हणणार, अगदी हातावर शाई दिसत असली तरी. ईस्टर झाला की मात्र खरं बोलायचं. लहानपणापासून हेच.

बोडिलने सात वर्षांची असताना आईसाठी असं एक पत्र कापलं होतं. दोन हंस, माना गुंफलेल्या. डाव्या हंसाच्या मानेवर एक खाच होती, कापताना तिला शिंक आली होती म्हणून. आई गेल्यावर ते पान माझ्या वाट्याला आलं. दोन वर्षांपूर्वी मी काय केलं, त्याचा फोटो काढला, मशीनमध्ये घातला आणि वर्गाला वाटून टाकला. फुकट हो! मला वाटलं बोडिलला बरं वाटेल. खरं सांगू? तसं काही वाटलं नव्हतं. मला वाटलं, आता मीही कापू शकते, आणि तुझ्यापेक्षा सरळ.

महिन्याभरात बोडिलचे हंस बेकरीच्या काचेवर, औषधाच्या दुकानात, न्हाव्याकडे, चर्चच्या सूचनाफलकावर. एकोणीस बायका म्हणजे थोड्या नाहीत. बोडिलने मला बेकरीत गाठलं.

"युट्टे, माझी शिंकसुद्धा चोरलीस तू," ती म्हणाली. काचेवरच्या हंसाच्या मानेवर बोट ठेवलं होतं तिने. प्रत्येक हंसाला ती खाच जशीच्या तशी होती.

"कागदाचे कपटे ते! त्यात चोरायचंय काय?"

"विचारायचं तरी होतंस."

रांगेतली सगळी माणसं ऐकत होती, आणि चार माणसं ऐकत असली की माझं डोकं फिरतं. मी म्हणाले, "कुणासाठी जपून ठेवतेस गं? तू मेलीस की तुझी कात्री तुझ्याबरोबर थडग्यात जाईल. माझं मशीन निदान चार घरं तरी सजवतंय."

बोडिलने पैसे ठेवले. तिने पाव घेतला आणि गेली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. वर्गात कुणी तिचं नाव काढलं की मी मशीन बंद करून उभी राहायचे. "इथे बोडिलचा विषय नको. ज्यांना बोडिल हवी त्यांनी तिच्याकडे जावं." दोनदा असं झालं, मग कुणी नाव काढेना.

आतून मात्र मी वाट बघत होते. माफी मागणं आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही. वडील आणि काका अकरा वर्षं बोलत नव्हते, ते एका हुलकावणीच्या पत्रावर बोलायला लागले. पत्र आलं, अंडं गेलं, कॉफी झाली, मिटलं. मी मनाशी ठरवलं होतं, बोडिलचं पत्र आलं की ओळखू आलं तरी मुद्दाम चुकायचं, सर्वांत मोठं अंडं घ्यायचं आणि तिच्या दारात जायचं. मग मीच का नाही पाठवलं? सुरुवात मोठीने करावी, असं मला वाटत होतं. शिवाय मी पाठवलेलं मशीनचं असणार, आणि ते बघून ती कशी बघेल हे मला ठाऊक होतं.

पहिल्या वर्षी तिचं आलं नाही. यंदा मार्चमध्ये मला सात पत्रं आली. सगळी वर्गातल्या बायकांची वाटली, सगळ्यांत तेच गुंफलेले हंस, तीच खाच, आणि पात्याच्या जागी पेन बसवून मशीनकडूनच लिहून घेतलेलं तेच कवन, मीच वर्गाला दिलेलं: "बर्फ सरला, फूल आलं." सातव्या पत्रावर पाच ठिपके होते. आमच्या रोमन लिपीत बोडिलची पाच अक्षरं. पण पान उघडलं तर कडा मशीनच्या. बोडिल आणि मशीन? मेली तरी हात लावणार नाही. आणि काम तर काय दिव्य! कागदाची सुरळी झालेली, हंसाची मान फाटून लोंबत होती. पाच अक्षरं गेर्डाचीही होतात. गेर्डा माझी शेजारीण, वर्गात सर्वांत घाईची. पहिली ओळ वाचली, "बर्फ सरला, फूल आलं," आणि पान मिटलं. आपलंच कवन कोण पुन्हा वाचतं?

मला आलेला राग खरं तर गेर्डावरचा नव्हता. दुसरं वर्ष रिकामं गेलं त्याचा होता. पण काढला गेर्डावर. गुरुवारी वर्गात ते पान वर धरलं.

"गेर्डाबाई, हे काय आहे? कुत्र्याच्या तोंडातून काढलंत की काय?"

"अगं, माझं नाही ते," गेर्डा म्हणाली.

सगळ्या खो खो हसल्या. ईस्टरच्या आधी दुसरं काय म्हणणार?

"युट्टे, शप्पथ, मी नाही."

"हो हो, तुम्ही नाही, पोपने पाठवलं!" आणखी हशा. बिचारी लाल झाली.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी सभागृहात आमचं प्रदर्शन असतं. छताला झालरी, खिडक्यांत तारे, टेबलांवर कागदी ट्युलिपच्या कुंड्या. दाराशेजारच्या फलकावर मी ते फाटकं पान टाचलं आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं: "असं करू नका. एका हाताने ओढलं की असं होतं. दोन्ही हात वापरा!" लोक वाचून हसत होते. मलाही बरं वाटत होतं.

तीनच्या सुमाराला बोडिल आली. मी बघतच राहिले. दोन वर्षांत वाळली होती, हातात काठी, दुसरा हात कोटाच्या खिशात. माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आली नाक मुरडायला. ती सरळ फलकापाशी गेली, थांबली आणि वाचत राहिली. एवढ्या चार शब्दांना इतका वेळ लागत नाही.

मी जवळ गेले. दोन वर्षांनी बहिणीशी बोलायचं तर माणूस काय बोलतं? "कशी आहेस" म्हणतं. मी म्हणाले, "बघ, तुझ्या कात्रीलासुद्धा लाज वाटेल असं काम आहे की नाही?"

"कुणाचं आहे?" तिने विचारलं. माझ्याकडे बघत होती, पानाकडे नाही. तिच्या ओठाच्या कडेला जरासं हसू होतं, लहानपणी लपंडावात असायचं तसं. मला दिसलं ते. आत्ता सांगतेय तर मला ते अजून दिसतंय.

"गेर्डाचं," मी म्हणाले. "दुसरं कोण! दोन धडधाकट हात असून एकाने ओढते. आळशी बाई."

हसू गेलं. "असेल," बोडिल म्हणाली. मग काठी टेकत दारापर्यंत गेली. दार तिने खांद्याने ढकललं. खिशातला हात काही बाहेर आला नाही, आणि मला वाटलं, केवढी मिजास!

ईस्टरच्या रविवारी दुपारी गेर्डा आमच्याकडे जेवायला होती. हेरिंग मासे, काळा राय ब्रेड, उकडलेली अंडी, स्नॅप्स दारूचा पहिला प्याला. मी मोठं चॉकलेटचं अंडं तिच्यापुढे ठेवलं. "घ्या. तुमचं पत्र ओळखलं, खरं तर तुम्हीच मला द्यायचं, पण सगळ्यांसमोर जरा जास्तच बोलले मी."

गेर्डाने प्याला खाली ठेवला. "युट्टे, आज ईस्टर आहे. आज खरं बोलतात. ते माझं नव्हतं. मी तर तुला पाठवलंच नाही यंदा."

"मग पाच अक्षरांचं दुसरं आहे कोण?"

गेर्डाने अंडं माझ्याकडे परत सरकवलं. "मला वाटलं तुला माहीत असेल. फेब्रुवारीत मी बोडिलला ग्रंथालयात बघितलं. तिथल्या तसल्याच मशीनपाशी. तीन-चार वेळा तरी आली होती. एकटीच झटत बसायची."

"बोडिल? मशीनपाशी? शुद्धीवर आहात का?"

"जानेवारीत तिला अर्धांगवायूचा झटका आला ना. उजवा हात गेलाय तिचा. सगळ्या गावाला माहीत आहे."

"मला कुणी का नाही सांगितलं?"

"तूच म्हणाली होतीस," गेर्डा हळू म्हणाली. "इथे बोडिलचा विषय नको."

मी कोट न घालताच सभागृहात धावले. किल्ली माझ्याकडेच असते. पान फलकावरून काढलं तेव्हा टाचणीने ते आणखी फाटलं. आतलं कवन पहिल्यांदा पूर्ण वाचलं.

बर्फ सरला, फूल आलं,
कात्रीवाचून पान हे झालं.
हात गेला, रागही गेला,
अंडं राहू दे, ये कॉफीला.

खाली पाच ठिपके. मशीनच्या पेनाने काढलेले, सगळे एकसारखे गोल.

एका हाताने तिने मॅटवर कागद लावला असेल, एका हाताने ओढला असेल. ज्या यंत्रावरून भांडण झालं त्याच यंत्राशी ती माझ्यासाठी झटली, तीन-चार वेळा, आणि मी ते भिंतीला टाचून गावाला हसवलं. आणि तिच्या तोंडावर म्हणाले, दोन धडधाकट हात असून. शरमेने माझं अंग भाजत होतं, आणि तरी आतून एक आवाज म्हणत होता की अजून दिवस मावळलेला नाही, हरलीस तर हरलीस, अंडं घे आणि जा.

मी घरी परतून अंडं घेतलं आणि बोडिलकडे गेले. बेल वाजवली. बोडिलने डाव्या हाताने दार उघडलं. उजवा हात अंगाशी लोंबत होता, आज खिशात नव्हता.

"बोडिल," मी म्हणाले, "मी हरले. तुझं पत्र मला ओळखता आलं नाही. हे घे."

ती अंड्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"कुठलं पत्र?"

"हंसांचं. तू पाठवलेलं."

"मी नाही पाठवलं."

"अगं, आज ईस्टर आहे! खेळ संपला. आज खरं बोलायचं असतं."

"खरंच बोलतेय," बोडिल म्हणाली. आवाज चढला नाही, काही नाही. "गेर्डाचं आहे ते. सगळ्या गावाने वाचलंय."

तिने दार लोटलं. जुनं दार आहे, खालून घासतं, एक हात लोटायला आणि एक कडी घालायला लागतो. तिला वेळ लागत होता. तेवढ्या वेळात मी दहा गोष्टी बोलू शकले असते, मी, जिची जीभ आधी जन्मली. अंडं दोन्ही हातांत धरून मी नुसती उभी राहिले. आतून कडी लागली.