टोपली भरेपर्यंत

"कोंग, आज दगड जरा जपून उलथ," लाल चहाचा पेला खाली ठेवत लमफ्रांग म्हणाला. "आमचं बीळ तुझ्या ओढ्याखाली आलंय. तू वर दगड लोटलास की मला डोक्यावर ऐकू येतं."

"डोकं असतं तर ऐकू आलं असतं," त्याची कोंग, म्हणजे थोरली बहीण बाशिशा, म्हणाली. "डोकं असलेला माणूस घुशीसारखा कोळशात शिरतो का?"

तो हसला, सुपारी गालात सारली आणि कपाळाला दिवा बांधून टेकडीपलीकडे निघून गेला. आई गेल्यापासून या धाकट्या भावाला तिनंच वाढवलं होतं, आणि खाणीवरून त्याच्याशी रोज भांडायचं हाही तिच्या घरकामातलाच एक भाग होता. कोळशानं पलीकडचा ओढा मारून टाकला होता. त्याचं पाणी इतकं नितळ की वाटसरू ओंजळ भरून घ्यायला वाकत, पण दगडाखाली एक किडा सापडायचा नाही. अलीकडचा ओढा जिवंत होता आणि बाशिशाला त्याचा फार गर्व होता.

ती गुडघाभर पाण्यात उतरली. खालच्या अंगाला बांबूची चाळण धरायची, वरचा दगड टाचेनं उलथायचा, की चतुराच्या अळ्या पाण्याबरोबर वाहत चाळणीत येतात. काळ्या तिळात परतल्या की लमफ्रांग त्यांच्यावर दोन ताटं भात जास्त खाई. डिसेंबरच्या गारठ्यात दुपारपर्यंत अर्धी टोपली झाली तरी मिळवलं म्हणायचं.

पण थोड्या वेळानं पाणी पोटरीवर आलं, मग घोट्यावर. दगड उघडे पडले. चपटे, तीन शेपट्यांचे किडे ओल्या दगडांवर सैरावैरा धावू लागले, अळ्या शेवाळात वळवळू लागल्या. वरच्या गावच्या पोरांनी मासे धरायला बांध घातला असणार, दर हिवाळ्यात घालतात. त्यांनी बांध फोडायच्या आत हात मारून घ्यावा म्हणून तिनं चाळण फेकली आणि दोन्ही हातांनी वेचायला लागली. आयुष्यात एवढा माल तिनं पाहिला नव्हता. ती चक्क गुणगुणत होती.

टोपली शिगोशीग भरली, ऊन माथ्यावर आलं, तेव्हा कुठं पोरांना चार शब्द सुनावायला ती वर चढली. बांध नव्हता. पोरं नव्हती. ओढ्याच्या तळाला सुपाएवढं भोक पडलं होतं आणि सगळं पाणी मुकाट्यानं त्यात उतरत होतं.

सकाळचं भावाचं बोलणं तिला आठवलं. मग ती धावत सुटली. टोपली काखेतच राहिली, ती टाकायचंही सुचलं नाही.

खाणीच्या तोंडाशी माणसं वाकून उभी होती. खाली लाकडी शिडी अर्ध्यावर पाण्यात बुडाली होती.

"घाबरू नकोस," मुकादम म्हणाला. "झरा लागलाय. दोन पंप लावले की उतरेल. पाचजण आत आहेत."

बाशिशानं खाली पाहिलं. काळ्या पाण्यावर निवळी किडे लांब पायांनी सरकत होते. कोळशाच्या पाण्यात निवळी जगत नाही, हे मुकादमालाही ठाऊक होतं.

"झरा नाही. माझा ओढा आहे. आधी त्याच्या तळाचं भोक बुजवा, नाहीतर पंप लावून काय उपयोग?"

माणसं मातीची पोती घेऊन धावली. मुकादम तिच्यापाशी येऊन उकिडवा बसला. त्याचा आवाज बदलला होता.

"नीट आठवून सांग. बीळ शेवटी चढणीचं आहे, टोकाला काही वेळ हवा टिकते. थोड्या वेळापूर्वी फुटलं असेल तर ते तिकडं सरकून अजून जिवंत असतील. पाणी कधी कमी व्हायला लागलं? तू तिथंच होतीस ना?"

बाशिशानं काखेतल्या टोपलीकडे पाहिलं. काठोकाठ भरलेली. वरच्या अळ्या अजून हलत होत्या.

"ही भरायला लागली तेवढा वेळ झाला," ती म्हणाली.

मुकादमानं टोपलीत पाहिलं. मग आतल्या बाकी चौघांच्या घरी निरोप धाडायला तो उठला.