हात लागलेली पिल्लं

पायलने घरात एसी बसवला आणि तिचा जुना कूलर अमरावतीहून अकोल्याला आई-बापाकडे निघाला. कूलर कसला, पत्र्याचं कपाटच ते. दिवाळीपासून गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे पडून होता. पायलचे वडील मोतीराम तायडे एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. त्यांनी स्वतः उभं राहून तो टेम्पोत चढवून घेतला, दोऱ्यांनी आवळला, आणि टेम्पोवाल्याशेजारी बसून बडनेरा, मूर्तिजापूर करत शंभर किलोमीटर त्या पोराला गाडी कशी चालवायची ते शिकवत आणलं. वाटेत कूलरमधून काही आवाज आला नाही का, असं त्यांच्या बायकोने, पंचफुलाने, पुढे त्यांना दहादा विचारलं. एप्रिलच्या उन्हात टेम्पोत सगळाच पत्रा वाजतो, हे त्यांचं उत्तर काही खोटं नव्हतं.

अंगणात कूलर उतरवला. जुनं गवत काढून नवं भरावं म्हणून मोतीरामांनी बाजूची जाळी उघडली, आत हात घातला आणि तसाच बाहेर काढला.

"अवं, इकडे ये बरं," त्यांनी हाक मारली. "कूलर बाळंत झाला."

गवताच्या खळग्यात तीन पिल्लं होती. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, पोटं गुलाबी. एक पांढरं, एक काळं आणि एक राखाडी पट्ट्यांचं. पट्ट्यांचं सगळ्यांत लहान होतं आणि सगळ्यांत जास्त ओरडत होतं.

पंचफुलाने एकेकाला तळहातावर घेतलं. पोट चाचपलं, बेंबी पाहिली, तोंडात करंगळी घालून चोखतात का ते पाहिलं. तीस वर्षं ती नर्स होती. हिवरखेडच्या बाजूला आजही कोणी 'तायडे सिस्टर' म्हटलं की बाया ओसरीवर येऊन बसायला सांगतात. ताप कशाने आला, लेकराला वरचं कधी सुरू करायचं, कोणी काय खाऊ नये, या बाबतीत घरात तिचा शब्द शेवटचा असे, आणि मोतीरामांनी त्यावर कधी ब्र काढला नव्हता.

"दोन दिसाची हायेत," ती म्हणाली आणि तिने पायलला फोन लावला.

"जयभीम आई. पोचला का कूलर?"

"पोचला. संगं तीन पाहुणे आले." तिने सगळं सांगितलं.

"अगं बाई! तरीच," पायल म्हणाली. "ती कबरी मांजर दुपारपासून गच्चीवर ओरडून राहिली. टाकीमागं जाते, परत येते, परत जाते. मी म्हटलं, हिला झालं काय? आई, बाबांना उद्या परत पाठव ना पिल्लं घेऊन."

"आता काही उपयोग नाई. तुया बापानं हात लावला, मीबी लावला. मानसाचा हात लागलेलं पिल्लू मांजर जवळ घेत नाई. मारून टाकते."

"असं असते?"

"असतेच."

विषय तिथेच मिटला. हे ज्ञान पंचफुलाला कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळालं नव्हतं. लहानपणी आजीने सांगितलं होतं, आजीला तिच्या आजीने. नोकरीत असताना ती अशा प्रत्येक खुळाशी कंबर कसून भांडली. बाळंतिणीचा चीक पिळून फेकणाऱ्या सासवांच्या हातातून वाट्या हिसकावल्या, बाळाला मध चाटवणाऱ्या आत्यांना भर अंगणात झापलं. माणसांची खुळं तिने गावोगाव निस्तरली. मांजरांचं एवढं एक खूळ तिच्याकडे शाबूत राहिलं, कारण त्याबद्दल तिला कधी कोणी विचारलंच नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर तिला ते शाबूत राहायला हवंच होतं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत एवढंसं, गरम, धडधडणारं काही तिच्या तळहातावर आलं नव्हतं. ते आलं आणि बाईला बरं वाटलं.

मग घराचा दवाखाना झाला. बुटांच्या खोक्यात जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा अंथरला गेला. स्वयंपाकघरातला वजनकाटा खोलीत आला. पांढरं एकशे चार ग्रॅम भरलं, काळं अठ्ठ्याण्णव, पट्ट्यांचं एक्याऐंशी. तिने ते कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलं. नवं गवत भरून कूलर खिडकीला बसला, पण पिल्लांना गार वारा लागेल म्हणून तो सुरू करायचा नाही, असा हुकूम निघाला. बाहेर त्रेचाळीस डिग्री, खिडकीत कूलर, आणि मोतीराम बनियन भिजवून अंगावर घालून बसलेले.

"मंग आनला कायले तो?" त्यांनी विचारलं.

"तुमाले कोनं कूलरमंदी झोपवलं होतं लहानपनी? बसा."

दूध ती ड्रॉपरने पाजत होती. गाईचं दूध, निम्मं पाणी, कोमट. पिल्लू कोपराच्या खळगीत उताणं घ्यायचं, डोकं जरा वर, आणि थेंब थेंब सोडायचा. हजारो आयांना तिने असंच धरायला शिकवलं होतं. तिचे हात दुसऱ्या तऱ्हेने धरायला तयारच नव्हते. दर तीन तासांनी ती पाजत होती. पांढरं आणि काळं कसंबसं गिळत होतं. पट्ट्यांच्याला घाई फार. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या नाकातून दूध आलं. तिने त्याला पालथं करून पाठीवर थोपटलं, नाक पुसलं. पण त्यानंतर त्याच्या श्वासाला बारीक घुरघुर लागली, आणि ती घुरघुर काय असते हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

खोकं मांडीवर घेऊन दोघं रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीण तरुण पोरगी होती. तिने आधी पाजता कसं ते करून दाखवायला सांगितलं. पंचफुलाने दाखवलं.

"नाही हो मावशी, उताणं नाही," डॉक्टरीण म्हणाली. "हे माणसाचं बाळ नाही. आईखाली कसं पालथं पडून पितात, तसं पोटावर ठेवून पाजायचं. उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं."

पंचफुलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पुढे डॉक्टरीण आणखी बरंच बोलली: गाईचं दूध बंद, पिल्लांसाठी वेगळी पावडर मिळते ती आणा, पाजून झालं की ओल्या कोमट कापसाने खालून पुसा, त्याशिवाय त्यांना लघवी होत नाही, आई हे काम चाटून करते. पट्ट्यांच्याच्या छातीला नळी लावून तिने बराच वेळ ऐकलं आणि औषधाचे थेंब लिहून दिले.

"बघू या," ती म्हणाली. "आई सापडली तर सगळ्यांत उत्तम. आई कुठेय यांची?"

"आई नाई त्याईले," पंचफुला म्हणाली.

मोतीरामांनी बायकोकडे पाहिलं. परत येताना रिक्षा थांबवली. पावडरचा डबा त्यांनीच उतरून आणला.

रात्रभर पंचफुलाने पालथं धरून पाजलं, पुसलं, पुन्हा पाजलं. पांढरं आणि काळं पोट भरल्यावर एकमेकांवर चढून झोपली. पट्ट्यांच्याने ड्रॉपर तोंडात घेतला नाही. सोमवारी सकाळी चहाच्या वेळी ते तिच्या तळहातावरच गेलं. तिने दोन बोटांनी त्याची छाती दाबून पाहिली, तोंडावर फुंकर घातली, आणि थांबली. मोतीरामांनी लिंबाच्या झाडाखाली खुरप्याने खड्डा केला. पंचफुलाने कॅलेंडर उलटं केलं, पण लिहायला पेन घेतलं नाही.

दहाच्या सुमारास पायलचा फोन आला. मोतीरामांनी उचलला, दवाखान्यापासून सगळं सांगितलं आणि आवाज मोठा करून मध्ये ठेवला.

"ती अजून गच्चीवरच आहे, बाबा. तिसरा दिवस. दूध ठेवलं तर वास घेते नि निघून जाते. सड सुजलेत तिचे, भरून आलेत. मला पाहवत नाही." मग ती म्हणाली, "आई, तू पावडर पाजून राहिलीस? तू? पूर्ण तालुक्याले सांगत फिरायची, मायच्या दुधाले जोड नाई म्हणून."

"हात लागला ना पन," पंचफुला म्हणाली. आवाज नेहमीइतका चढला नाही.

मोतीरामांनी फोन बंद केला. खोक्यात एकदा पाहिलं. मग ते तिच्यासमोर खाली बसले, आणि पस्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तिच्या खात्यात बोलले.

"अवं, एक सांग मले. तीस वर्सं तुनं लोकायच्या लेकरायले हात लावला. मायच्याबी आंधी तुया हात लागे. बरोबर? त्यातल्या एका तरी मायनं, याले सिस्टरच्या हाताचा वास येते म्हनून लेकरू टाकलं काय?"

"मानसाचं वेगळं असते..." पंचफुलाने सुरुवात केली. तिने काळ्या पिल्लाला उचललं, पुन्हा ठेवलं. पदराने नाक पुसलं. मग विचारलं, "अमरावतीची पयली गाडी किती वाजता हाय?"

"साहाची. पन आज दुपारी उनात नेऊ नोको, तडकतीन ते. उद्या सकाळीच जाऊ."

मंगळवारी पहाटे तिने माळ्यावरून लसीचा डबा काढला. निळा, कडी तुटलेला. खात्याने मोडीत काढलेला म्हणून तिला मिळालेला. बर्फाच्या पिशव्यांच्या जागी माठातल्या पाण्याच्या दोन बाटल्या कडेला लावल्या, मध्ये कापड, कापडावर पिल्लं. झाकणाखाली हवेसाठी पेन्सिल अडकवली. मोतीरामांनी कूलरमधलं जुनं गवत फेकलं नव्हतं. ते एका पिशवीत भरून घेतलं. त्याला मांजरीचा वास असेल, असं ते म्हणाले, आणि पंचफुलाने त्यांना हे कोणी शिकवलं असं विचारलं नाही.

गाडीत कंडक्टरने डबा पाहिला.

"काय सिस्टर, पोलिओचा डोस काय?"

"मांजरं हायेत," मोतीराम म्हणाले. "तिकीट दोनच फाड."

मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा पंचफुलाने दोघांना मांडीवर पालथं घेऊन पाजलं. शेजारच्या बाईने नाकाला पदर लावला, मग हळूच वाकून पाहिलं, आणि बडनेऱ्यापर्यंत ड्रॉपर तिनेच धरला. पंचफुला मात्र डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा उचलून पाहत होती. आजीचं खरं निघालं तर? मांजरीने हुंगलं, फिस्कारून दोघांच्या माना मोडल्या तर? परत अकोल्याला काय घेऊन जायचं?

पायल अर्ध्या दिवसाची रजा टाकून थांबली होती. गच्चीवर अजून टाकीची सावली होती. कूलर जिथे होता तिथे फरशीवर चौकोनी पांढरा डाग उरला होता. मोतीरामांनी त्यावर पायलने आणलेलं मोठं खोकं ठेवलं, त्यात गवत पसरलं. पंचफुलाने दोघांना त्यात ठेवलं आणि तिघं जिन्याच्या दारामागे येऊन उभी राहिली.

पिल्लं ओरडू लागली. फार वेळ जावा लागला नाही. शेजारच्या पत्र्यावरून कबरी मांजर एकदम आली आणि खोक्यापासून दोन हातांवर थांबली. मान लांब केली. हुंगलं. मागे सरली. पंचफुलाने मोतीरामांचं मनगट इतकं घट्ट धरलं की त्यांच्या तोंडून 'आई' निघालं.

मांजर पुढे आली आणि तिने काळ्याला चाटायला सुरुवात केली. डोकं, पाठ, पोट. आडवं पाडून, पायाने दाबून, रागावल्यासारखं चाटत होती. मग पांढऱ्याला. मग खोक्यातच आडवी झाली, आणि दोघंही ओरडायची बंद झाली.

"घेतलं," पायल कुजबुजली आणि रडायला लागली. मोतीरामांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. पंचफुला तोंडावर हात धरून हसत होती. तीस वर्षांत कुठल्याही बाळाने पहिला घोट घेतला तेव्हा तिला एवढं सुटल्यासारखं वाटलं नव्हतं.

दूध पाजून झाल्यावर मांजरीने पांढऱ्याला मानेशी धरून उचललं, कठड्यावरून पलीकडच्या पत्र्यावर गेली आणि एका बंद खोलीच्या झडपेतून आत शिरली. थोड्या वेळाने परत येऊन काळ्याला नेलं.

"झालं," मोतीराम म्हणाले. "चाल, चहा मांड वं पायल."

पायल वळली. तेवढ्यात मांजर पुन्हा आली.

ती सरळ खोक्यात शिरली. पंज्याने गवत उकरलं, खाली पाहिलं. बाहेर येऊन टाकीमागे गेली, तिथून ओरडली, आणि कान टवकारून थांबली. पुन्हा खोक्यात आली. मग निळा डबा हुंगला. आतलं कापड तिने बराच वेळ हुंगलं. शेवटी उघड्या दारापाशी येऊन ती पंचफुलाच्या समोर उभी राहिली आणि ओरडली.

पंचफुला जिन्याच्या पायरीवर बसली. आईला बाळ गेल्याचं सांगायची वेळ नोकरीत तिच्यावर क्वचितच आली होती, पण आली तेव्हा तिनेच आत जाऊन सांगितलं होतं. डॉक्टर बाहेरच थांबायचे. खोटं कधी सांगितलं नव्हतं.

"तिसरं नाई बाई," ती म्हणाली. "ते माया हातानं गेलं. त्याच दिसी आनलं असतं तं वाचलं असतं."

मांजर वळून परत खोक्यात गेली आणि गवत उकरू लागली. खाली पायलने चहासाठी दोनदा हाक मारली. मांजर शोधायची थांबेपर्यंत पंचफुला पायरीवरून उठली नाही.