कानानं निवडलेला चेंडू

“डोळं मीट, कस्तुरी. चेंडू कानानं निवड.”

उदयसिंहकाकांचं हे वाक्य मला त्यांच्या आवाजासकट पाठ आहे. मला मधुमेह निघाला, डॉक्टरांनी भरपूर चालायला सांगितलं, तेव्हा कॉलेजातली मैत्रीण क्रांती मला सांगलीहून ओढत साताऱ्याला आपल्या वडिलांकडे, म्हणजे या काकांकडे, घेऊन गेली. काका फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, साहेबलोकांबरोबर राहून गोल्फ शिकलेले. सातारा जिल्ह्यातल्याच खंडाळ्याच्या अलीकडे डोंगराच्या पोटाशी एक लहानसं मैदान आहे, तिथं त्यांनी मला उभं केलं. खोक्यावर ‘सर्वांत लांब जाणारा’ असं छापलेलं बघून मी चेंडू घेतले होते. काकांनी ते बाजूला ठेवले आणि मला डोळे मिटायला लावून दोन वेगळे चेंडू मारून ऐकवले. एक टिक् वाजला, दुसरा नुसता थप्प.

“टिक् वाजला तो कडक. ताकदीनं मारणाऱ्याला बरा. तुझा हात मऊ हाय, तुझं तो ऐकायचा न्हाई. आणि एक ध्यानात ठेव. जो घेऊन निघालीस, तोच भोकात घालायचा. मधी बदल न्हाई.”

तेव्हापासून मी आणि क्रांती मऊच चेंडू वापरतो. एकच खोकं आणून वाटून घेतो आणि काका काढायचे तसा लाल टिपका काढतो. ओळखीसाठी लोक ॐ काढतात, स्वस्तिक काढतात. ज्याला काठीनं मारायचं त्यावर मंगल चिन्ह काढायला माझं मन धजत नाही.

काका गेल्या वर्षी गेले. यंदा त्यांच्या नावानं पहिल्यांदाच स्पर्धा ठेवली होती. मी, क्रांती आणि वीरधवल नावाचे तिचे चुलतभाऊ एकत्र खेळत होतो. या खेळात पंच मागं फिरत नाही. एकाचे फटके दुसऱ्यानं मोजायचे आणि शेवटी सही करायची. सही म्हणजे साक्ष. क्रांतीच्या कागदावर सही माझी होती.

खेळाच्या दिवशी देवदर्शन झालं की दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं. क्रांतीला त्याची सवय आहे. “बोलत नाहीस ते बरंय,” ती म्हणते, “पण डोळ्यांनी फार बोलतेस गं.”

त्या दिवशी चालता चालता वीरधवल माझ्या बाजूला आले. क्रांतीताईंचा चेंडू हल्ली हरवतच नाही, झाडीत गेला तरी लगेच सापडतो, मोठ्या पुण्यवान आहेत, असं म्हणाले आणि हसले. मी पुढं चालत राहिले. पण कुसळ पायजम्यात अडकावं तसा तो शब्द अडकला.

पहिल्याच होलला, म्हणजे पहिल्या भोकाकडे जाताना, क्रांतीचा चेंडू करवंदीच्या जाळीत गेला. ती एकटीच वाकून आत शिरली आणि मी पोचायच्या आत “सापडला” म्हणाली. जाळीतून मारलेला फटका सुरेख भोकाभोवतीच्या हिरवळीवर आला. हिरवळीवर चेंडू उचलून पुसता येतो, जागेची खूण म्हणून तिथं नाणं ठेवायचं असतं. तिनं नाणं ठेवलं, चेंडू पुसला, परत ठेवला आणि हलकेच टोलवला.

टिक्.

मी जागीच थांबले. आमच्या खोक्यातला चेंडू असा वाजत नाही. म्हणजे तिचा चेंडू जाळीतच राहिला आणि तिनं खिशातला दुसरा टाकला? काकांच्या मुलीनं, काकांच्याच स्पर्धेत? मनातल्या मनात आम्हा जैनांचा णमोकार मंत्र म्हणायला लागले, पण मन तिच्या खिशाभोवतीच फिरत होतं. गेल्या महिन्यातही ती जिंकली होती, तेही आठवलं. संशयाला जुनं उकरायची फार हौस.

पुढच्या होलला मी तिच्या चेंडूवर नजरच ठेवली. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, तो थप्प असा निघाला आणि कापलेल्या गवताच्या मधोमध पडला. जवळून जाताना मी बघून घेतलं. चेंडू आमच्याच खोक्यातला, मऊ. हरवण्याचा प्रश्नच नव्हता. हिरवळीवर तिनं नाणं ठेवलं, चेंडू पुसला, परत ठेवला.

टिक्.

हरवलाच नाही तर बदलला कशाला? आणि लबाडी करायची तर माणूस भोकाजवळ मऊ चेंडू घेईल, कडक कशाला घेईल? विचारायला तोंड उघडायची सोय नव्हती. तिच्याकडे बघितलं की ती नजर चुकवत होती. त्यानं तर संशय आणखी पक्का झाला. शेवटच्या होलपर्यंत प्रत्येक हिरवळीवर तसंच झालं. थप्प करत आलेला चेंडू टिक् करत भोकात पडला.

खेळ संपला. क्रांतीचे फटके सगळ्यांत कमी होते. वीरधवल पाण्याच्या बाटल्या आणायला गेले. तिनं कागद आणि पेन माझ्यापुढं धरलं. बारा वाजले नव्हते.

सही केली तर माझं सत्यव्रत बुडणार. नाही केली, तर माझ्या गुरूच्या मुलीला मी चारचौघांत चोर ठरवणार. मी पेन घेतलं नाही. हात पुढं केला आणि तळवा उघडला.

क्रांतीनं त्या तळव्याकडं बघितलं. मग तिनं दोन्ही खिशांत हात घातले आणि दोन चेंडू माझ्या हातावर ठेवले. दोन्हींवर लाल टिपका. एक पांढराशुभ्र, दुसऱ्याचा रंग जुन्या दातासारखा.

“बाबांचा हाय,” ती म्हणाली. एरवी शहरी बोलणारी क्रांती बाबांचं नाव निघालं की घरची भाषा बोलते. “त्यांच्या डब्यात एवढा एकच राहिलाय. टीवरून मारला तर हरवंल. पण भोकात पडताना त्यांचाच आवाज यायला पायजे, असं वाटतं गं. जाळीत बी माझाच सापडला हुता, खरंच.”

तिचं खरं होतं आणि नियमानं ते चूकही होतं. ते तिला माझ्याआधी कळलं होतं. वीरधवल आले तेव्हा तिनंच सांगितलं, “मी चेंडू बदलत होते, माझं नाव काढा.” ते गडबडले. घरचीच स्पर्धा आहे, चालायचंच, असं काहीतरी म्हणाले. क्रांतीनं कागद दुमडला आणि नकारार्थी मान हलवली. मी मात्र त्या दोघांकडं बघू शकले नाही.

बारा वाजून गेले. बक्षीस वीरधवलना मिळालं. माणसं पांगली, उन्हं कलली. माझं त्या दिवशी एकाशन होतं, दिवसातून एकदाच जेवण आणि तेही दिवस मावळायच्या आत. डबा गाडीत तसाच होता.

“मधी बदल न्हाई म्हणायचे काका,” शेवटी मी म्हणाले. “एकदा तरी त्यांचा चेंडू टीवरून मार.”

“आणि हरवला तर?”

“मी शोधीन.”

“अंधार पडला तर? जेवायची न्हाईस तू.”

“शोधीन म्हटलं ना.”

पहिल्या टीवर तिनं तो ठेवला. कडक चेंडूनं तिचं ऐकलं नाही. टिक् करून निघाला, खाली खालीच गेला, उजवीकडं वळला आणि ओढ्याच्या अलीकडच्या वाळल्या गवतात शिरला. क्रांतीनं डोळे मिटून घेतले.

मी काठी टेकत उतारावरून निघाले, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून एकेक पाऊल बघून टाकत.