अंगुस्ताना निघाला जग बघायला

अंगुस्ताना नाहीसा झाला तेव्हा मावशीने आधी स्वतःला शिव्या घातल्या, मग काज-बटणं करणाऱ्या बाईला, आणि नवऱ्याचा विचार सगळ्यांत शेवटी केला. इथेच ती चुकली. सुरुवातच त्या टोकाकडून करायला हवी होती.

मावशी म्हणजे कोपऱ्यावरच्या शिवणकामाच्या दुकानाची मालकीण. सगळी गिऱ्हाइकं तिला मावशीच म्हणत. आणि अंगुस्ताना म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटावर चढवायची टोपी. हा चांदीचा होता, आईचा. लहानपणी मावशीचं मधलं बोट मशीनमध्ये सापडून वाकडं झालं, आणि मोठेपणी ती शिवायला बसली तेव्हा आईने अंगुस्ताना ठोकून ठोकून त्या वाकड्या बोटाच्या मापाचा केला होता. बाजारातला दुसरा कुठलाही त्या बोटावर टिकत नसे. आता थंडीचे जाड कोट खुंट्यांवर ओळीने लटकले होते, त्यांच्या कॉलरी हाताने शिवायच्या होत्या, आणि मावशीने बोटाला चिंध्या गुंडाळून अर्धी कॉलर शिवली तर तिच्यावर रक्ताचा डाग पडला.

नवऱ्याचं म्हणाल तर, नोकरीतून मोकळा झाल्यापासून हे गृहस्थ डबे शोधत असत. डबे! कुणीतरी रिकामटेकडा एक डबा कुठेतरी लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो, आणि बाकीचे रिकामटेकडे हातात जीपीएसचं यंत्र धरून, बाण दाखवेल तिकडे तंगडतोड करत जातात. डब्यात काय असतं? प्लॅस्टिकचा बेडूक, एखादी गंजकी किल्ली. एक वस्तू घ्यायची, तिच्या तोलाची दुसरी ठेवायची, आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर जाहीर करायचं, 'सापडला!' त्यासाठी आभाळातले उपग्रह कामाला लावायचे. डोंगर पोखरून उंदीर काढणारे परवडले. त्या मंडळीत याने स्वतःचं नाव घेतलं होतं 'गरुडनेत्र'. डोक्यावर चष्मा असताना घरभर चष्मा शोधणारा माणूस, आणि गरुडनेत्र!

आठवडाभराच्या शोधाशोधीत मावशीने तिसऱ्यांदा बटणांचा डबा जमिनीवर उपडा केला तेव्हा गरुडनेत्र चहाचा कप घेऊन दारात उभे होते.

"अगं, ती चांदीची टोपी शोधतेस का? ती मी पाठवली."

"पाठवली? कुठे पाठवली?"

"प्रवासाला."

त्याने मोठ्या कौतुकाने समजावून सांगितलं. नंबर कोरलेला एक बिल्ला मिळतो. तो ज्या वस्तूला लावाल ती प्रवासी होते. आपण ती एका डब्यात ठेवायची, पुढचा माणूस ती उचलून दुसऱ्या गावातल्या डब्यात नेतो, तिथून तिसरा. प्रत्येक जण फोटो टाकतो. बिल्ला आला होता, लावायला घरात काही नीटनेटकं सापडेना, आणि टोपी बटणांत पडलेली दिसली.

"जुनीच होती ना," तो म्हणाला. "मला वाटलं, टाकून दिलेली."

"रोज माझ्या बोटात असते ती! संसार झाला सगळा, बायकोच्या बोटात काय आहे ते दिसलं नाही तुम्हाला? काय डोळे आहेत! गरुडाला कळलं तर जीव देईल."

"तू आधी फोटो तर बघ," तो म्हणाला. आणि खरोखरच त्याने कॉम्प्युटर उघडला. या माणसाला लाज कधी शिवलीच नव्हती.

आईचा अंगुस्ताना स्टेशनच्या बाकावर बसला होता. मग एका पुलाच्या कठड्यावर. मग कुणा अनोळखी माणसाच्या तळहातावर. शेवटच्या फोटोत मागे दीपगृह होतं आणि समुद्र. सगळ्यांत वर नवऱ्याने लिहिलेलं होतं: 'या टोपीचं आयुष्य एका अंधाऱ्या दुकानात गेलं. तिने अजून समुद्र पाहिलेला नाही. कृपया तिला समुद्र दाखवा.'

"किती जणांना आवडलंय बघ," गरुडनेत्र म्हणाले. "एकीने तर लिहिलंय, डोळ्यांत पाणी आलं."

मावशीने ते दोनदा वाचलं. लग्न झाल्यापासून ती एकच गोष्ट मागत आली होती, एकदा समुद्र दाखवा. आधी त्याला रजा नव्हती. मग त्याचा गुडघा दुखायला लागला. मग, "समुद्र म्हणजे काय गं, पाणीच ना?" तोच गुडघा आता बेडकासाठी टेकड्या चढत होता. असल्या माणसापुढे रडायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

"आता कुठे आहे तो?"

"दीपगृहाखालच्या डब्यात. मी मेसेज टाकतो, दोन-चार महिन्यांत येईल कुणाच्या तरी हातून परत. फक्त तिथून बोटी सुटतात. कुणी पलीकडे घेऊन गेलं तर मात्र..."

"यंत्र आणा इकडे."

"तुला नाही जमायचं. थांब, मी येतो."

"तुम्ही दुकानात बसा. गिऱ्हाइकं कोट न्यायला येतील, त्यांना सांगा कोट का झाले नाहीत. आणि खरं सांगा."

निघताना त्याने बॅटरीवर, उपग्रहांवर आणि पाच-सात पावलं इकडेतिकडे होतात त्या चुकीवर प्रवचन दिलं. मावशी बसमध्ये चढली. डबा पळतो की काय या धास्तीने तिने यंत्रावरची नजर काढून खिडकीबाहेरही पाहिलं नाही. तासाभराची डुलकी लागली असेल नसेल, तोच कंडक्टर ओरडला, "चला, दीपगृह, शेवटचा थांबा!"

मावशी उतरली. समोर समुद्र होता. फार मोठा होता. ती बघत उभी राहिली आणि तिला आनंदाऐवजी संतापच आला. एवढाच लांब होता मेला? एका बसच्या अंतरावर? सबंध संसारात एक बस पकडली नाही या माणसाने! काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि आपणही काय कमी शहाण्या? बस तर आपल्यालाही पकडता आली असती.

यंत्रातल्या बाणाने तिला दीपगृहाच्या भिंतीपाशी आणलं आणि मग तो गरगरायला लागला. इथे, तिथे, पुन्हा इथे. अगदी मालकावर गेलेलं यंत्र. शेवटी तिने ते पिशवीत टाकलं. "दगड आपोआप कधी नीट रचले जात नाहीत," असं नवरा एकदा म्हणाला होता. त्याच्या सगळ्या बडबडीतलं तेवढं एक वाक्य कामाचं निघालं. भिंतीच्या बुडाशी दगडांची नेटकी रास होती. मागे मोठा पत्र्याचा डबा. डब्यात चिमुकली मोटार, शिट्टी, बेडूक, आणि खाली बिल्ल्याच्या साखळीला अंगुस्ताना.

तिने तो वाकड्या बोटावर चढवला. बसला. तेव्हा मात्र ती रडली. इथे बघायला कोणी नव्हतं.

मग तिला नियम आठवला. एक वस्तू घ्यायची, तिच्या तोलाची ठेवायची. पिशवीत रुमाल होता, रीळ होतं. छे, आईच्या वस्तूच्या तोलाची ती नव्हेत. तिने बिल्ला सोडवला, दुसऱ्या वस्तूला नीट अडकवला, डबा बंद केला आणि दगड होते तसे रचले.

फोन वाजला. "सापडला का गं?"

"सापडला."

"शाब्बास! आता यंत्र बंद कर, बॅटरी जाते."

"केलं बंद. डब्यात ठेवलं."

"डब्यात? कुठल्या डब्यात?"

"दीपगृहाच्या. बिल्ला लावून. जुनंच होतं ना?"

"अगं, वेड लागलं का तुला? कुणीतरी उचलून नेईल ते!"

"नेऊ दे. फोटो टाकतील की. लिहा काहीतरी डोळ्यांत पाणी आणणारं."

मग पलीकडून बारीक आवाजात, "आणि तू कधी येतेस? इथे गिऱ्हाइकं खोळंबलीत. मी काय सांगू त्यांना?"

"सांगा, समुद्र बघतेय," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

परतीची बस समोरच उभी होती. मावशीने ती जाऊ दिली.