दोह्याला कळवायचं नाही

शहाबानोने नातीच्या डोक्यावर लोकरीची टोपी चढवली आणि थेट भुवयांपर्यंत ओढली. पनवेलचा मे महिना! सिदरा किरकिरायला लागली.

"अम्मी, उकडतंय तिला," सून रुमाना म्हणाली.

"फोन होईपर्यंतच. तौसीफला दिसायला नको."

सात महिन्यांची सिदरा सकाळी पलंगावरून पडली होती. कपाळावर चांगलं लिंबाएवढं टेंगूळ. डॉक्टर म्हणाले, लगेच रडली, दूध प्यायली, घाबरू नका. पण टेंगूळ चोळू नका आणि उद्यापर्यंत लक्ष ठेवा. उलट्या झाल्या, आकडी आली किंवा उठवूनही नीट जागी झाली नाही, तर तडक घेऊन या.

रुमानाला हे नवऱ्याशी बोलायचं होतं. एकटीला धीर पुरत नव्हता. पण या घरातून आखाताकडे फक्त खुशाली जायची. तिथला माणूस तिथून करणार काय? उगाच जिवाला घोर. सासरे रहीम उमेदीची सगळी वर्षं कुवेतला होते, तेव्हा शहाबानोने असाच संसार रेटला होता. आता ते कायमचे घरी आले होते आणि खिडकीपाशी पान लावत होते.

लॅपटॉपवर दोह्याहून तौसीफ दिसू लागला.

"टोपी कशाला घातलीय?"

"वारा आहे," शहाबानो म्हणाली.

तो हसला. "अम्मी, माझ्यापण लहानपणीच्या निम्म्या फोटोंत टोपीच आहे."

रहीमचा पानावरचा हात थांबला. कुवेतच्या खोलीत ते फोटो त्यांच्या उशाशी असायचे. पोराला टोप्यांची भारी हौस, असं समजून बिचारे दर सुट्टीला नवी टोपी आणायचे.

ते उठले आणि त्यांनी सिदराची टोपी काढली.

"सकाळी पडली. डॉक्टरांना दाखवलंय. रुमाना सांगेल बघ."

रुमानाचे डोळे भरून आले. ती सांगू लागली, तौसीफ एकेक विचारू लागला.

"त्याची झोप उडवलीत तुम्ही," शहाबानो पुटपुटली.

"उडू दे. बाप आहे तो."

रहीम तिच्याशेजारी बसले. त्यांना राग आला नव्हता, नुसतं वाईट वाटत होतं. त्यांनी हळूच विचारलं,

"आपला तौसीफ कितीदा पडला होता गं?"

शहाबानोने ओढणीने डोळे पुसले.

"पहिल्यांदा ना? ओटीवरून पडला," ती सांगू लागली. "नुकता रांगायला लागला होता..."