पास्कलची गाठ

"आग्नेस, स्कार्फला कडक इस्त्री कर गं!" मास्तर तिसऱ्यांदा ओरडले. सत्त्याहत्तर वर्षांचे झाले, पण लगबग बघाल तर नवरदेवाची!

"केली हो," मी म्हणाले. "आणखी फिरवली तर जळेल."

आमचे हे, आलोशियस मास्तर, चाळीस वर्षं गावातल्या पोरांना स्काउट शिकवत आले. आज त्याच जगभरच्या चळवळीचा मानवसेवेचा पुरस्कार त्यांना मिळणार होता. दोन हजार अठरा सालच्या पुरात चाळीत अडकलेली अकरा माणसं दोराला धरून बाहेर आली, त्याबद्दल. जुन्या विद्यार्थ्यांनी अर्जात लिहिलं होतं, 'सरांच्या गाठीने अकरा जीव वाचले.'

इथेच घोडं पेंड खात होतं. मास्तरांची गाठ पहिल्याच ओढीला सुटली होती. मदतीला होडी घेऊन आलेल्या पाचूबंदरच्या पास्कलने गळाभर पाण्यात उडी टाकून स्वतःची कोळ्याची गाठ मारली. वर हसून म्हणाला, "मास्तर, तुमची गाठ पुस्तकात बरी. पान्यात नाय चालत ती."

त्यानंतर बाजारात भेटला की पठ्ठ्या हात मिळवायला मुद्दाम स्काउटांसारखा डावा हात पुढे करायचा. मास्तरही हसत डावाच हात द्यायचे. काय दिवस होते ते! पण कौतुक मास्तरांचंच होत राहिलं, आणि उद्या सांगतो, परवा सांगतो म्हणता म्हणता पास्कल गेला.

शाळेच्या हॉलमध्ये त्याची बायको रेजिना पहिल्या रांगेत बसली होती. मास्तरांनीच बोलावली होती. गळ्यात पदक पडलं आणि त्यांनी माईक धरला.

"ती गाठ माझी नव्हती. माझी सुटली. पास्कलने बांधली ती टिकली. मी इतकी वर्षं गप्प बसलो."

आयुष्यभराची अब्रू पणाला लावली, तीही स्वतःच्याच विद्यार्थ्यांसमोर!

मास्तर स्टेजच्या पायऱ्या उतरून खाली आले आणि पदक काढून रेजिनापुढे धरलं. "उशीर झाला, बाई. माफ कर."

"त्याला कुठं काय पायजे होतं, मास्तर?" रेजिना म्हणाली. "पन मला वाटायचं, एकदा कोनी तरी त्याचं नाव घ्यावं. आज घेतलंत. पदक तुमीच ठेवा."

मग तिने पदराला हात पुसला आणि पुढे केला. डावा.

मास्तरांनी तो धरला आणि बराच वेळ सोडला नाही.