चौकटीमागची छक्की

त्या रविवारी सकाळी बाबा कारखान्यात एक चक्कर मारून आले. कारखाना म्हणजे आमच्या इमारतीच्या मागच्या दोन खोल्या, जिथे ते पुस्तकांची बांधणी करायचे. रविवारी काम नसे, पण प्रेसमध्ये दाबून ठेवलेली पुस्तकं नीट बसली आहेत हे पाहिल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. परत येऊन त्यांनी नखांतली खळ काढली, निळा शर्ट घातला आणि मला विचारलं, आज जोड्या किती? मी म्हटलं, चौदा. "म्हणजे सात टेबलं," ते म्हणाले. "तुला उशीर होणार. काहीतरी खाऊन घे."

आमच्या ब्रिज क्लबची ती वार्षिक जोडीस्पर्धा होती. क्लब म्हणजे औषधांच्या दुकानावरचा एक लांबट हॉल. खुर्च्यांच्या पायांना आम्ही रबरी टोप्या बसवल्या आहेत, कारण खालचा औषधवाला छतावर झाडूचा दांडा आपटतो. भिंतीवर विजेत्यांच्या नावांची पाटी आहे. बाबा आणि मामा ही जोडी तिच्यावर सात वेळा आहे.

तीन वर्षांपासून मी क्लबची पंच आहे. एरवी मी विमा कंपनीत काम करते. लोकांचे अर्ज कुठल्या कलमात बसत नाहीत ते रोज आठ तास बघते. त्यामुळे नियमांचं पुस्तक माझ्याकडे येणं साहजिक होतं. तरीही निवड झाली त्या दिवशी मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं होतं, "चला, आता पंच घरचाच." सगळे हसले, मीही हसले. पण ते वाक्य मी विसरले नाही. बाबांच्या टेबलापाशी जाताना मी नेहमी जरा जास्तच ताठ चालायचे.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. लिफ्ट दुरुस्त करतो आणि तोंडाचा फाटका आहे. सव्वीस वर्षं तो बाबांचा जोडीदार होता. अकरा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा या दोन माणसांना एकत्र ठेवणारं पत्त्यांशिवाय दुसरं काही उरलं नाही. स्वभाव इतके वेगळे, की आगगाडीत समोरासमोर बसले असते तर दोघांनीही खिडकीबाहेर पाहिलं असतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ब्रिजमध्ये ज्याची बोली ठरते, त्याचा जोडीदार आपली तेरा पानं टेबलावर उघडी मांडतो आणि डाव संपेपर्यंत गप्प बसतो. दोन्ही हातांची पानं बोलीवालाच खेळतो. गप्प बसलेल्या माणसाला एक लहानसा हक्क मात्र असतो. आलेल्या रंगाचं पान जोडीदाराने टाकलं नाही, तर तो विचारू शकतो, "बदाम संपले?" कारण त्या रंगाचं पान हातात असताना दुसरंच टाकणं ही या खेळातली सर्वांत लाजिरवाणी चूक. नवखे लोक करतात ती.

गेलं वर्षभर मामा हा प्रश्न फार वेळा विचारत होता. "चौकट संपली, भाऊजी?" "किलवर नाही ना आता?" आणि कधीकधी बाबा हातातल्या पानांकडे पुन्हा पाहायचे, टाकलेलं पान मागे घ्यायचे आणि बरोबर पान टाकायचे. वेळेत सुधारलेल्या चुकीला शिक्षा नसते.

मला दिसत नव्हतं असं नाही. मार्चमध्ये एका शाळेच्या इतिहासाच्या चाळीस प्रती परत आल्या होत्या. बत्तिसाव्या पानानंतर पुन्हा सतरावं पान. एकच फर्मा, म्हणजे सोळा पानांची एकच घडी, दोनदा शिवली गेली होती. बाबा म्हणाले, छापखान्याने गठ्ठे उलटसुलट पाठवले. मी मान डोलावली. चाळीस वर्षांत असे गठ्ठे त्यांनी डोळे मिटून ओळखले होते, हे मी त्यांना सांगितलं नाही, स्वतःलाही नाही.

क्लबच्या जिन्याखाली मामा वाट पाहत उभा होता. बाबा त्याला म्हणाले, "आज मला विचारायचं नाही."

"काय विचारायचं नाही?"

"तुला माहीत आहे काय ते. चारचौघांत लहान मुलाला विचारल्यासारखं. लोक बघतात."

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी पर्समध्ये हॉलची किल्ली शोधत होते. ती माझ्या हातातच होती.

"बरं, भाऊजी," मामा शेवटी म्हणाला. "तोंडाला टाके घालतो. म्हणजे घालायचे तुम्हीच, दोरा तुमच्याकडे चांगला असतो."

बाबा हसले आणि कठडा धरून वर चढले. अर्ध्या जिन्यात ते थांबले. मामाही दोन पायऱ्या खाली थांबला, आणि बुटाची नाडी सुटल्याचं सोंग करून खाली वाकला.

दिवसभर दोघं सुरेख खेळले. त्या दिवशी बाबांच्या पूर्वीच्या खेळाची चव होती. पानं टाकताना घाई नाही, चेहऱ्यावर काही नाही. आमच्या स्पर्धेत तेच वाटलेले डाव सगळ्या टेबलांवर फिरतात, त्यामुळे नशिबाला बोल लावायची सोय नसते. शेवटच्या फेरीआधी फळ्यावर त्यांची जोडी पहिली होती. पाठोपाठ दंतवैद्य आणि निवृत्त मुख्याध्यापिकाबाई. आणि शेवटची फेरी याच दोन जोड्यांमध्ये होती. दंतवैद्य क्लबचे चिटणीसही आहेत. मामा बसता बसता त्यांना म्हणाला, "डॉक्टर, आज भूल देऊन काढा हं, जे काय काढायचं ते." बाई म्हणाल्या, तुमची बडबड हीच भूल आहे.

इतर टेबलांवरचे डाव संपत आले होते. मी फिरत फिरत बाबांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिले. बोली त्यांची होती: हुकूम इस्पिक, आणि तेरापैकी दहा हात करायचे. मामाने पानं मांडली आणि हात मांडीवर ठेवले.

पहिले दोन बदाम समोरच्यांनी जिंकले. बाईंनी तिसरा बदाम टाकला. बाबांच्या हातात बदामाची छक्की होती. मला ती स्पष्ट दिसत होती. चौकटीच्या नश्शीमागे सरकली होती, लालात लाल, फक्त कोपरा बाहेर. बाबांनी हुकमाचं पान काढलं आणि तो हात मारून घेतला.

मामाचे ओठ उघडले. मग त्याने ते मिटले आणि मांडलेल्या पानांवरून नजर वर केलीच नाही.

बाबा पुढचं पान टाकण्याआधी विचार करत बसले. अर्धं मिनिट असेल. अर्धं मिनिट फार मोठं असतं. पुढचं पान पडेपर्यंत चूक सुधारता येते, हा नियम. आणि चूक कशीही लक्षात आली तरी ती सुधारणं हे पंचाचं काम, हाही नियमच. दुसऱ्या क्लबांच्या पंचांना तो मी स्वतः शिकवला आहे. पण पलीकडच्या टेबलावरची माणसं मान वळवून पाहत होती. चिटणीस माझ्याकडेच बघत होते, निदान मला तसं वाटलं. मी बोलले असते तर सगळा हॉल म्हणाला असता, बघा, पंच घरचाच. मी माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे पाहिलं.

बाबांनी पान टाकलं.

पुढे काही हातांनी, मामाच्या किलवरच्या राजावर टाकायला म्हणून बाबांनी एक पान सोडलं. बदामाची छक्की. ती टेबलावर पडल्यावर सगळ्यात आधी ती बाबांनीच पाहिली. बाईंनी नजर खाली घेतली. त्यांना बोलायचं नव्हतं. दंतवैद्यांनी हात वर केला आणि हळू आवाजात हाक मारली, "पंच."

मी दोन पावलं मागे गेले होते. तिथून आले. काय झालं ते ऐकून घेतलं, पानं उलटून पाहिली, पुस्तक उघडलं. गरज नव्हती, तरी उघडलं. बाबांनी अकरा हात केले होते. शिक्षा दोन हातांची. उरले नऊ. डाव बुडाला, आणि त्यांची जोडी पहिल्यावरून चौथ्या जागी गेली.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. त्यांनी उठून दंतवैद्यांशी आणि बाईंशी हात मिळवला. मामा गप्प होता. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, असं नंतर कुणीतरी म्हणालं.

घरी जायला दहा मिनिटं लागतात. ऊन उतरलं होतं. दुकानांसमोर लोक पाणी शिंपडत होते. बाबा माझा हात धरून चालत नसत, त्या दिवशीही धरला नाही. कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्यापाशी आल्यावर ते म्हणाले, "चौकटीमागे गेली होती."

"होतं असं."

थोडं पुढे जाऊन त्यांनी विचारलं, "तू कुठे उभी होतीस तेव्हा?"

"खिडकीपाशी," मी म्हटलं.

"हं," ते म्हणाले. "नियम नीट लावलास." मग रात्रीला काय करायचं याबद्दल बोलणं झालं. जेवून ते लवकर झोपले.

सोमवारी सकाळी साडेअकराला कुलूपवाल्याचा फोन माझ्या ऑफिसात आला. बाबा कारखान्यात स्टुलावर बसले होते, भिंतीला टेकून. समोरच्या वहीच्या पाठीला खळ लावून झाली होती, पुठ्ठा लावायचा राहिला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलेलं होतं, आज ना उद्या होणारच होतं.

पुढच्या रविवारी क्लबने शोकसभा घेतली. चिटणीस चांगलं बोलले. बाबांनी क्लबची जुनी गुणपुस्तकं कशी फुकट बांधून दिली, कधी आवाज चढवला नाही, हे सगळं खरंच होतं. मग म्हणाले, "ते घराणंच तसं. शेवटच्या दिवशी त्यांच्या लेकीने स्वतःच्या वडिलांचे दोन हात कापले, आणि त्यांनी ते हसत मान्य केलं. अशी माणसं आता कुठे मिळतात?" लोकांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. एक बाई माझा हात दाबून गेल्या. मी मान खाली घातली, आणि त्यांना ती नम्रता वाटली.

मामा त्या सभेला आला नाही. नंतरही क्लबकडे फिरकला नाही. दोन महिन्यांनी मामीचा फोन आला. म्हणाली, एकदा येऊन जा. कामावर जातो, परत येतो आणि पानं मांडून बसतो. तोच एक डाव. "जेवायचं टेबल अडवलंय. आम्ही दोघं मांडीवर ताटं घेऊन जेवतोय, पाहुण्यांसारखे. बरं, विचारलं तर म्हणतो, हात लावू नकोस, अजून व्हायचंय."

मी रविवारी दुपारी गेले. मामीने दार उघडलं, टेबलाकडे नुसती मान हलवली आणि आत निघून गेली. मामाने दाढी केलेली नव्हती. टेबलावर बावन्न पानं चार बाजूंना मांडलेली होती, आणि बाबांच्या बाजूला छक्की चौकटीपासून वेगळी, जरा पुढे ओढून ठेवली होती.

"ये, पंचबाई," तो म्हणाला. नेहमीची चेष्टा होती ती, पण आवाज नेहमीचा नव्हता. मी बसल्यावर त्याने मला सगळा डाव खेळून दाखवला. तिसऱ्या बदामावर छक्की टाकली असती तर तो एक हात गेला असता, बाकी सगळे आपलेच. दहा. मोजून दहा. हुकूम मारायची गरजच नव्हती. त्याने तो तीनदा खेळून दाखवला, तिन्ही वेळा दहा झाले.

"मला एकच तर काम होतं," तो म्हणाला. "बसायचं आणि एक प्रश्न विचारायचा. तेवढंसुद्धा झालं नाही माझ्याकडून."

मी म्हटलं, बाबांनीच तुला नको म्हणून सांगितलं होतं.

"माणूस सांगतो म्हणून ऐकायचं असतं का? मला माहीत नव्हतं का, त्यांचं काय चाललंय ते? तोंड उघडलं होतं मी. तुला सांगतो, शब्द इथपर्यंत आला होता." त्याने गळ्याला बोट लावलं. "म्हटलं, राहू दे, त्यांचा मान राहू दे. मान! सगळ्या हॉलसमोर नाक कापलं गेलं त्यांचं, आणि दुसऱ्या दिवशी माणूस गेला. ताईला मी काय सांगू?"

ताई म्हणजे माझी आई. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती, हे त्याला आठवत नसावं असं नाही.

मी त्याला डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. हृदय आधीपासून थकलेलं होतं. डाव बुडाल्याने कुणी मरत नाही. बाबा त्या रात्री नीट जेवले होते. सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. तो मान डोलावत होता, जशी मी मार्चमध्ये बाबांसमोर डोलावली होती. मग त्याने पानं गोळा केली, पिसली नाहीत, आणि पुन्हा मांडायला घेतली. म्हणाला, "तू बिचारी खिडकीपाशी होतीस. तुला कुठून दिसणार? भाऊजींनी त्या रात्री फोन केला होता मला. म्हणाले, पोरीला दिसलं असतं तर ती बोलली असती."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. मामाने इस्पिकं लावली, मग चौकट. छक्की हातात घेऊन तो ती कुठे ठेवायची ते बघत बसला.

"मामा," मी म्हटलं. "मी खिडकीपाशी नव्हते. मी बाबांच्या मागे उभी होते. छक्की मला दिसत होती. तू तोंड उघडलंस आणि मिटलंस, तेही दिसलं. त्यानंतर अख्खं अर्धं मिनिट होतं आणि बोलायचा हक्क मला होता, तुझ्याइतकाच. लोक काय म्हणतील म्हणून मी बोलले नाही. त्यांनी वाटेत मला विचारलं, तेव्हाही मी खोटंच सांगितलं."